शब्दसंख्येत न धरलेली ओळ

माझी सांगलीची आत्या रागावली की आवाज चढवत नसे. चष्मा काढायची आणि पदराने पुसायला घ्यायची. तेवढ्याने तिच्या टायपिंग क्लासातली सगळी मशिनं गप्प व्हायची. त्या रविवारी सकाळी तिने माझ्यासमोर चष्मा काढला तेव्हा मी चांगला पंचविशीच्या पुढे गेलेला, पुण्यात नोकरी करणारा माणूस होतो, तरी माझे हात शाळेतल्यासारखे आपोआप मागे गेले. पुढे सगळं नीट झालं, म्हणून हे हसत सांगता येतंय. झालं नसतं तर मी हा विषय घरात कुणाला काढूही दिला नसता.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आम्ही सातारचे. ती लग्न होऊन सांगलीला गेली, काका फार लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. सातारहून मंडळी तिला कायमचं घेऊन यायला गेली, तर तिने सगळ्यांना पोटभर जेवायला वाढलं आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून परत पाठवलं. मग हरभट रोडच्या मागच्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तिने टायपिंगचा क्लास काढला. एका खोलीत मशिनं, दुसऱ्या खोलीत ती. पुढे कितीतरी वर्षं अशी गेली की सांगलीतल्या कुठल्याही कचेरीत मी आत्याचं नाव सांगितलं, तर टाइपरायटरमागची एखादी बाई उठून विचारायची, ‘‘बाई कशा आहेत?’’

आत्याची शिस्त भारी. तिच्याकडे कुठलाही कागद मशीनवर चढला की सगळ्यात आधी वर मधोमध श्री यायचं. कागद मराठी असेल तर मराठीत, इंग्रजी असेल तर मोठ्या इंग्रजी अक्षरांत. नव्या मुलीला ओळ मधोमध कशी आणायची हे पहिल्या दिवशी श्रीवरच शिकवलं जाई. स्पीड मोजताना मात्र शब्द मोजायचे ते श्रीच्या खालून. ‘‘श्री शब्दसंख्येत धरायचं नाही,’’ हे वाक्य उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्याकडे राहिलो की दिवसभर कानावर पडायचं. चूक शोधायचीही तिची एक पद्धत होती. एकीने मूळ कागद वाचायचा, दुसरीने टाइप केलेल्या कागदावर बोट फिरवायचं, आणि वाचायचं ते शेवटच्या ओळीपासून वर. ‘‘वरून खाली वाचलं की डोळे आपल्याला जे पाहिजे तेच वाचतात,’’ असं ती म्हणायची. आम्ही पोरं या उलट्या वाचणीची नक्कल करून पोट धरून हसायचो.

नव्वदचं दशक संपत आलं आणि क्लासाला उतरती कळा लागली. विश्रामबागेकडे काचेच्या दाराचा, थंडगार हवेचा कम्प्युटर क्लास निघाला. मुली आधी तिकडे चौकशी करायच्या आणि मग इकडे फिरकायच्याच नाहीत. आत्याकडे मशिनांवर खोळी चढल्या त्या पुष्कळशा उतरल्याच नाहीत. हे कळल्यावर बाबांनी सातारच्या घरातली मागची खोली, जिथे आम्ही कांदे आणि लसूण पसरत असू, ती रिकामी करून चुना मारून घेतला. ‘‘ताईला आता इकडेच आणायची,’’ म्हणाले. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. बहीण उतारवयात एकटी राहते ही गोष्ट त्यांना खात होती.

आत्याने फोनवर ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘मी दिवाळीला चार दिवस येते तेवढं पुरे आहे. बारा महिन्यांची पाहुणी मला होता येणार नाही.’’ पुढचंही तिने स्वतःच सांगितलं. ती कम्प्युटरचा वर्ग काढणार होती. रविवारी मुलींच्या आईवडिलांना बोलावलं होतं. वर्ग भरला तर ती सांगलीत राहणार. नाही भरला तर क्लासाला कुलूप लावून निमूट सातारला येणार, मग त्यावर कुणी चकार शब्द बोलायचा नाही. आत्याचा शब्द म्हणजे शब्द, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच रात्री बाबांनी मला पुण्याला फोन केला. ‘‘तू कम्प्युटरमधला आहेस. जा, ताईला हात दे.’’ खोलीला चुना मारून बसलेला माणूस मलाच तिकडे का पाठवतोय, याचा मी काही फार विचार केला नाही.

शनिवारी सकाळी सांगलीला पोचलो. कम्प्युटर आधीच येऊन पडला होता. एका हळदीच्या पेढीवरचा जुना, दोन हजार साल उजाडलं की ही मशिनं बंद पडणार म्हणून घाबरून त्यांनी काढलेला. झाकण उघडलं तर आत पंख्यापासून तारांपर्यंत सगळीकडे हळदीची पिवळी पूड. आत्याने मऊ ब्रश आणला आणि टाइपरायटर साफ करतात तसा तो कम्प्युटर साफ करून दिला. बटण दाबलं आणि तो सुरू झाला. मला अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

आता त्यात घालायचं काय, हा प्रश्न. त्या काळी सगळे घालायचे ते कुणाच्या तरी सीडीवरून उतरवलेलं. आत्याला ते मान्य नव्हतं. ‘‘माझ्या क्लासात कॉपी चालत नाही. मुलींची नाही, माझी नाही, आणि तुझीही नाही.’’ माझ्याकडे एका मासिकाबरोबर फुकट आलेली, कम्प्युटर आतून चालवणाऱ्या लिनक्स नावाच्या प्रणालीची सीडी होती. ती कुणालाही, कितीही मशिनांवर, राजरोस घालता येते हे सांगितल्यावर आत्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग परवानगी दिली.

लिनक्सला तोंडं दोन असतात हे इथे सांगायला हवं. एक काळा पडदा, त्यावर नुसती अक्षरं. दुसरा चित्रांचा पडदा, खिडक्या आणि माउसवाला, जो विश्रामबागेच्या काचेमागे सगळ्यांनी पाहिलेला. दोन्ही ठिकाणी आत जायला आपलं नाव आणि परवलीचा शब्द द्यावा लागतो. पुण्यात माझ्या शेजारी बसणारा मित्र यातला जाणता. चित्रांच्या पडद्यावर कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, याचे नियम एका छोट्या फाइलमध्ये असतात. त्याने आमच्या ऑफिसात चालणारी ती फाइल मला फ्लॉपीवर दिली होती आणि बजावलं होतं, ‘‘चित्रांचा पडदा लावायच्या आधी ही फाइल टाक, म्हणजे पुढे त्रास नाही.’’ शहाणपणा म्हणून त्याने तीच फाइल एका कागदावर छापूनही दिली होती. फ्लॉपी कराडपर्यंतच्या प्रवासातच कुठेतरी मेली असावी. सांगलीत ती उघडेना. नशिबाने कागद शाबूत होता.

मी कागद समोर धरून दोन बोटांनी टाइप करायला लागलो. आत्या मागे उभी होती. तिला ते दृश्य सोसवलं नाही.

‘‘ऊठ,’’ ती म्हणाली. ‘‘तुझं होईपर्यंत दिवेलागण होईल.’’

मी उठलो. सरळ टाइप करावं आणि दिसावं असा साधा एडिटर उघडून दिला. आत्या ताठ बसली, कागद डावीकडे लावला, आणि बोटं चालू झाली. मी तोवर मुलींसाठी नावं तयार करायची यादी मनात जुळवत खिडकीपाशी चहा पीत होतो. ओळ संपली की तिचा डावा हात उगाच वर जायचा, टाइपरायटरची गाडी परत ढकलायला, आणि हवेतून परत यायचा. चहा संपायच्या आत पान पुरं झालं. मी येऊन पडद्यावर नजर टाकली, कागदाशी ताडून पाहिलं. कुठे काना-मात्रेचाही फरक नाही. फाइल साठवली आणि चित्रांचा पडदा चालू केला.

निळसर पडदा आला, मधोमध एक चौकट, त्यात नाव आणि परवलीचा शब्द. आत्या टाळी वाजवायचीच बाकी होती. मी नाव घातलं, शब्द घातला. पडदा क्षणभर थांबला आणि म्हणाला, चूक. पुन्हा घातला. चूक. कॅप्स लॉक पाहिला, तो बंद होता. आत्याने घालून पाहिला, तिच्या बोटांवर माझा जास्त भरवसा. चूक.

काळ्या पडद्यावर गेलो. तेच नाव, तोच शब्द, आणि त्याने मुकाट्याने आत घेतलं. एवढं तरी बरं, असं म्हणून मी घाम पुसला. म्हणजे नाव बरोबर, शब्द बरोबर, मशीन बरोबर. मग पुढच्या दाराने येणाऱ्याला बाहेर उभं करायचं आणि मागच्या दाराने येणाऱ्याला पाणी द्यायचं, हा कुठला न्याय? संध्याकाळभर मी परवलीचे शब्द बदलले, नवी नावं तयार केली, जुनी पुसली. घोडं कुठे पेंड खातंय ते काही कळेना. शेवटी लाइट गेली आणि आत्या म्हणाली, ‘‘जेवून घे. उद्या ताज्या डोळ्यांनी बघू.’’ तिने गरम भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं, आणि सातारचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. ती ताट घासताना मात्र एकदम म्हणाली, ‘‘ती मागची खोली पश्चिमेची ना रे? दुपारी फार तापते.’’

रविवारी उजाडल्या उजाडल्या मी सगळं पुसून पहिल्यापासून लिनक्स घातलं. आमच्या धंद्यात काही सुचेनासं झालं की हाच उपाय. आत्याने अंघोळ आटोपून, नवं लुगडं नेसून ते पान पुन्हा टाइप केलं, तितकंच झरझर. चित्रांचा पडदा आला. नाव, शब्द. चूक.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. मंडळी अकराला यायची होती आणि आत्ता कुठे नऊ होत होते. इस्लामपूरकडच्या एका खेड्यातले शेतकरी गृहस्थ दारात उभे होते, टोपी हातात, मागे त्यांची मुलगी. त्यांची धाकटी बहीण पूर्वी आत्याकडे टायपिंग शिकून साखर कारखान्याच्या कचेरीत लागली होती, म्हणून त्यांनी विश्रामबागेच्या आधी इकडची वाट धरली होती.

‘‘आवं बाई, आमी जरा लवकरच आलो,’’ ते म्हणाले. ‘‘गाडी लगीच गावली. मशीन चालू हाय न्हवं?’’

‘‘बसा,’’ आत्या म्हणाली. ‘‘चालू होतंय.’’

ते बाकावर बसले. त्यांनी कम्प्युटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ‘‘कारखान्यात आता कम्पुटर येणारीच पोरगी घेत्यात म्हनं. तवा म्हटलं बाईंच्याकडंच घालावी. पर बाई, खरं सांगा, न्हाई जमलं तर न्हाई म्हना. आमी तिकडं इस्रामबागंत जातो, राग मानू नगा.’’

माणूस सरळ होता आणि बोलला तेही सरळच. आत्या म्हणाली, ‘‘राग कसला? अकरापर्यंत थांबा. नाही जमलं तर मीच तुम्हाला तिकडचा पत्ता लिहून देते.’’ तिने हे अगदी नेहमीच्या आवाजात सांगितलं.

मी खाली धावलो. कोपऱ्यावरचं एसटीडी बूथ नुकतंच उघडत होतं. पुण्याच्या मित्राला झोपेतून उठवलं. समोर लाल आकडे भराभर पळत होते आणि हा पठ्ठ्या जांभया देत ऐकत होता. सगळं ऐकून म्हणाला, ‘‘काळा पडदा घेतोय आणि चित्रांचा घेत नाही, म्हणजे त्या फाइलीतच आहे. दोघांच्या फाइली वेगळ्या असतात. त्या फाइलीत मशीनला एक गोष्ट जरी कळली नाही ना, तर ते कुणालाच आत घेत नाही. संशय आला की दार बंद. टायपिंगची चूक आहे बघ कुठेतरी.’’

‘‘आत्याने टाइप केलंय,’’ मी म्हणालो.

‘‘मग आत्याची चूक आहे.’’

त्याला बोलायला काय जातंय! हे वर जाऊन सांगायचं मला होतं. जिना चढताना मी निरनिराळी वाक्यं जुळवून पाहिली. वर पोचल्यावर त्यांतलं एकही आठवलं नाही.

‘‘आत्या, तो म्हणतो की टायपिंगमध्ये चूक असेल.’’

बाकावरचे गृहस्थ चुळबुळले. मुलीने मान खाली घातली. आत्याने चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. माझे हात मागे गेले ते तेव्हाच. सबंध सांगलीत तिला हे म्हणण्याची कुणाची छाती झाली नव्हती, आणि ते तिच्या भाच्याने, एका बाहेरच्या माणसासमोर, नेमकं त्या दिवशी म्हटलं होतं.

‘‘तू ताडून पाहिलंस ना?’’ तिने विचारलं.

‘‘कालपासून सारखं पाहतोय.’’

‘‘कसं पाहिलंस?’’

‘‘कसं म्हणजे? वाचून. वरून खाली.’’

तिने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. ‘‘लहानपणी सगळा उन्हाळा माझ्याकडे काढलास आणि एवढंही घेतलं नाहीस. बाकावर बस. कागद तुझ्याकडे, पडदा माझ्याकडे. शेवटच्या ओळीपासून.’’

मी बाकाच्या कडेला बसून कागद हातात घेतला आणि खालून वर वाचायला सुरुवात केली. असलं काही मोठ्याने वाचायची माझी ती पहिलीच वेळ. ‘‘सेशन, रिक्वायर्ड, स्लॅश, लिब, स्लॅश, सिक्युरिटी, स्लॅश, पॅम, अंडरस्कोर...’’ आत्या काचेवर बोट ठेवून प्रत्येक शब्दाला ‘‘हं’’ म्हणत होती. गृहस्थ आरती ऐकावी तसे हात जोडल्यागत धरून ऐकत होते. ओळीमागून ओळ वर गेली. मनातून मी चुकीची वाट पाहत होतो आणि तिच्यासाठी चूक सापडू नये असंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटणं शक्य आहे, हे मला त्या बाकावर कळलं.

कागदावरची पहिली ओळ मी वाचली. ‘‘ऑथ, रिक्वायर्ड...’’ शेवटच्या अक्षरापर्यंत आलो. आत्या ‘‘हं’’ म्हणाली.

‘‘झालं,’’ मी म्हणालो. ‘‘संपलं. एकही चूक नाही.’’

‘‘संपलं कुठे? अजून एक ओळ आहे. वाच की.’’

‘‘माझ्याकडे नाही.’’

‘‘माझ्याकडे आहे. वर. श्री.’’

आत्याचं बोट पडद्याच्या वरच्या कडेला, मधोमध टेकलेलं होतं. तिथे मोठ्या इंग्रजी अक्षरांत, दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडून, श्री लिहिलेलं होतं.

ती ओळ मी पाहिली नव्हती असं नाही. कालपासून प्रत्येक वेळी पाहिली होती. पण शाळेच्या वहीवर, परीक्षेच्या पेपरावर, लग्नाच्या पत्रिकेवर, बाबांच्या पोस्टकार्डावर मी जन्मभर श्री पाहत आलो होतो, आणि पाहून सरळ खालच्या ओळीवर जात आलो होतो. डोळ्यांना ती ओळ वाचायची असते हेच माहीत नव्हतं. मशीन बिचारं कुठल्या शाळेत गेलं होतं? ते पहिल्या अक्षरापासून वाचत होतं. दारावरच्या नियमांच्या फाइलीत पहिलाच नियम त्याला कळेना, म्हणून घाबरून सगळ्यांना बाहेर ठेवत होतं. आणि मी सगळं पुसून पुन्हा घातलं, तेव्हा आत्याने पुन्हा भक्तिभावाने वर श्री काढलं होतं.

मी हसायला लागलो. इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातलं सगळंच हसण्याचं नव्हतं. गृहस्थांना मी दोन वाक्यांत समजावलं. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, ‘‘आयला! काखेत कळसा आन् गावाला वळसा.’’ मग जीभ चावली आणि आत्याकडे पाहून म्हणाले, ‘‘माफ करा बाई.’’

आत्या हसली नव्हती. ती त्या ओळीकडे बघत होती.

‘‘मग आता काय करायचं?’’

‘‘काय करायचं म्हणजे? पुसून टाकायची.’’

‘‘श्री पुसायचं?’’

तिने ते इतक्या हळू विचारलं की माझं हसू थांबलं. या खोलीत कुठल्याही कागदावरचं श्री कुणी पुसलेलं तिने पाहिलं नव्हतं. कागद चुकला तर मुली तो चुरगळून टाकत नसत, घडी घालून ठेवत असत, का तर वर श्री आहे. आणि आज, नव्या कामाच्या पहिल्या दिवशी, नवं लुगडं नेसलेल्या तिला मी ते पुसायला सांगत होतो. तिने हो म्हटलं असतं, माझी खात्री आहे. वर्ग तिच्यासाठी तेवढा मोठा होता. पण मला ते तिला करायला लावायचं नव्हतं.

मग मला आठवलं. इतकी साधी गोष्ट आहे की आमच्यातला कुणीही सांगेल.

‘‘नको पुसू. ओळीच्या अगदी सुरुवातीला, तीनच्या आकड्यावर जे जाळीसारखं चिन्ह आहे ना, ते टाक. ते असलं की मशीन ती ओळ वाचत नाही. सोडून देतं. ओळ जागच्या जागी राहते.’’

आत्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ‘‘म्हणजे शब्दसंख्येत धरू नको, असं त्याला सांगायचं.’’

‘‘हो.’’

‘‘मग हे आधी सांगायचं नाही का? माझ्या मुलींनाही मी पहिल्या दिवशी सांगते. त्याला कोण सांगणार?’’

तिने उजव्या करंगळीने शिफ्ट दाबलं आणि ते चिन्ह टाकलं. मग अंतर बिघडलं म्हणून डावीकडची एक मोकळी जागा कमी करून श्री पुन्हा मधोमध आणलं. मी फाइल साठवली. निळसर पडदा आला. मी नाव घालायला हात पुढे केला, तर आत्याने माझा हात बाजूला सारला आणि बाकावरच्या मुलीला बोलावलं.

‘‘ये गं. तुझं नाव काय सांगितलंस? याला सांग, तो तुझं नाव आत घालून देतो. पहिली तू जा.’’

मी काळ्या पडद्यावर जाऊन त्या मुलीचं नाव तयार केलं. परवलीचा शब्द तिने माझ्यापासून हाताने झाकून टाइप केला, हे मला फार आवडलं. मग ती निळसर पडद्यापुढे बसली. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत तिने नाव घातलं, शब्द घातला. आम्ही तिघं तिच्या मागे उभे. पडदा क्षणभर काळा झाला, आणि मी मनातल्या मनात कुठल्या देवाचं नाव घेतलं ते सांगत नाही. मग एकेक चित्र उगवायला लागलं.

‘‘उघाडलं,’’ मुलगी म्हणाली.

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी एका खोळीतल्या टाइपरायटरला टेकून उभा राहिलो. गृहस्थांनी टोपी डोक्यावर घातली. ‘‘आता तिकडं कशाला जातोय,’’ म्हणाले. ‘‘बाई, नाव लिवा पोरीचं. आन् जिन्याखाली कुनी आलं तर मी सांगतो त्यास्नी, मशीन चालू हाय म्हनून. लय चांगलं चालू हाय.’’ आणि ते खरोखरच जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. अकराला माणसं आली तेव्हा स्वागत आत्याने केलंच नाही, त्यांनीच केलं. येईल त्याला ते सांगत होते, ‘‘आमच्या पोरीनं उघाडलं.’’

वर्ग भरला. एका मशीनला मुली जास्त झाल्या, म्हणून आत्याने वेळा वाटून दिल्या.

दुपारी सगळे गेल्यावर ती मला घेऊन एसटीडी बूथवर गेली. सातारला फोन लावला. पलीकडून बाबांचा आवाज आला असावा, कारण ती लगेच बोलायला लागली, नमस्कार नाही की चमत्कार नाही.

‘‘हं. मी बोलतेय. त्या मागच्या खोलीत कांदे परत पसर. चुन्याने वाया जाणार नाहीत ना, बघ. मी दिवाळीला येते, चार दिवस.’’ मग पलीकडचं ऐकून, ‘‘नाही रे. खूश आहे. तुझं पोरगं बरं आहे कामाला.’’

फोन ठेवून ती रस्त्यावर आली आणि मला न विचारता कोपऱ्यावरच्या दुकानातून भडंगाची मोठी पुडी घेतली, सातारसाठी. एसटी स्टँडपर्यंत सोडायला आली. गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभी राहून मला त्या जाळीसारख्या चिन्हाबद्दल विचारत होती, ते आणखी कुठे कुठे चालतं म्हणून.

कराड गेल्यावर मला झोप लागली ती सातारच्या स्टँडवर कंडक्टरने उठवेपर्यंत. घरी आलो तर पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. मागच्या खोलीत दिवा होता. पांढऱ्याशुभ्र भिंतींच्या मधोमध बाबा गोणपाटावर उकिडवे बसून कांदे पसरत होते, एकमेकांना न चिकटता, नीट ओळीने. मला पाहून त्यांनी विचारलं, ‘‘खरंच राहिली का रे ती?’’

‘‘राहिली,’’ मी म्हणालो.

‘‘बरं झालं,’’ ते म्हणाले. हाताने डोळे पुसले, आणि हाताला कांदा लागलेला असल्यामुळे पुन्हा पुसले. ‘‘इथे तिचं मन रमलं नसतं.’’

मी भडंगाची पुडी खाली ठेवली आणि त्यांच्याबरोबर कांदे पसरायला बसलो.